थांबलेला संगणक आणि न थांबणारी डिस्क

(मंडळाच्या उन्हाळी सभेत केलेल्या भाषणावरून)



कार्यकारिणीतल्या ताईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या कामाबद्दल वीस मिनिटं बोला, पण सगळ्यांना कळेल असं बोला." पहिली अट सोपी होती. दुसरीसाठी मी तीन रात्री जागलो. कारण मी नक्की काय करतो हे मला माझ्या आईलासुद्धा अजून नीट सांगता आलेलं नाही. पुण्याला शेजारच्या काकूंनी विचारलं की ती सांगून मोकळी होते, "तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो." मी संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतली, पंधरा वर्षं नोकरी आणि सल्लागारी केली, आणि आता असं वाटतं की आईचं वर्णनच सगळ्यात बरोबर आहे.

तर आज मी तुम्हाला माझ्या हातून झालेल्या एका चुकीची गोष्ट सांगणार आहे. पण ती कळायला आधी थोडी ओळख करून घ्यावी लागेल. घाबरू नका, दूधवाला आणि पातेलं एवढ्यावरच भागवणार आहे.

संगणकात कर्नल नावाचा एक कर्ता पुरुष असतो. मेमरी कुणाला किती, प्रोसेसर कुणाला किती वेळ, डिस्कवर कोण लिहिणार, हे सगळं तो ठरवतो. पण प्रत्येक डिस्कची, प्रत्येक कार्डाची भाषा त्याला येत नाही. त्यासाठी ठेवलेला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. हा दुभाष्या बाहेर ओसरीवर बसत नाही, कर्त्याच्याच खोलीत बसतो आणि त्याच्या हातात घरातल्या सगळ्या किल्ल्या असतात. म्हणून तुमचा एखादा खेळ बिघडला तर फक्त तो खेळ बंद पडतो, पण ड्रायव्हर बिघडला तर सगळं घर बसतं.

आता डिस्कवरून काही वाचायचं असलं की काय होतं? ड्रायव्हर डिस्कच्या कंट्रोलरला सांगतो, "अमुक माल हवाय. मेमरीत अमुक पत्त्यावर पातेलं ठेवलंय. त्यात ओत आणि बेल वाजव." एवढं सांगून प्रोसेसर दुसऱ्या कामाला लागतो. कंट्रोलर सवडीनं येतो, स्वतःच्या हातानं पातेल्यात दूध ओततो आणि बेल वाजवतो. त्या परस्पर ओतण्याला आम्ही डीएमए म्हणतो आणि बेलला इंटरप्ट. ओतताना प्रोसेसरला कुणी विचारत नाही. आजच्या गोष्टीतलं सगळं रामायण या एका वाक्यात आहे, म्हणून ते लक्षात ठेवा.

आता डिबगर. लहानपणी आपण 'स्टॅच्यू'चा खेळ खेळायचो, आठवतं? कुणीतरी ओरडलं "स्टॅच्यू!" की जो जसा असेल तसा उभा. डिबगर नेमकं हेच करतो. ज्या ओळीवर संशय आहे तिथं तो एका बाइटची खूण पेरून ठेवतो. प्रोसेसर त्या खुणेवर आला की स्टॅच्यू! मग आपण निवांत सगळीकडे फिरून बघायचं, कुणाच्या हातात काय आहे, कुणाच्या खिशात काय आहे.

साधा डिबगर एखाद्या प्रोग्रॅमला थांबवतो, तेव्हा कर्नल चालूच असतो आणि डिबगरला लागेल ती मदत करतो. कर्नल डिबगरचं तसं नाही. तो कर्नललाच थांबवतो. म्हणजे ज्या फांदीवर बसायचं तीच धरून ठेवायची. पडदा, कीबोर्ड, फाइली, नेटवर्क, हे सगळं कर्नलच्या हातात, आणि कर्नल तर पुतळा झालेला! म्हणून कर्नल डिबगर बांधणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून एक नियम पाळला: ज्याची तपासणी करायची, त्याच्यावर विसंबायचं नाही.

या नियमाची गंमत बघा. १९८७ मध्ये डॉससाठी निघालेला आणि पुढे विंडोजवरही चाललेला सॉफ्टआइस हा डिबगर खुद्द विंडोजला गोठवून त्याच पडद्यावर उभा राहायचा. त्यासाठी कीबोर्ड आणि पडदा तो स्वतःच चालवायचा. २००६ मध्ये त्याची विक्री बंद झाली. मायक्रोसॉफ्टच्या डिबगरची आणि लिनक्सच्या केजीडीबीची पद्धत वेगळी. बघणारा माणूस दुसऱ्या संगणकावर बसतो आणि मध्ये एक केबल असते. कित्येक वर्षं ही केबल साधी सिरियल असायची, सेकंदाला १,१५,२०० बिट, म्हणजे साधारण ११ किलोबाइट. तुमच्या फोनवरचा ३ मेगाबाइटचा एक फोटो त्या केबलनं पाठवायला चार मिनिटांहून जास्त वेळ लागेल. तरी आम्ही ती वापरायचो, कारण तिला फारसं काही लागत नाही. सगळं थांबलेलं असताना बेल वाजून उपयोग नसतो, म्हणून डिबगर बेलची वाट बघतच नाही. तो स्वतः पुन्हा पुन्हा दार उघडून बघतो, आलं का काही, आलं का काही.

आता डिस्क आणि डिबगर यांची गाठ कुठे पडते? मुख्यतः तीन ठिकाणी.

पहिलं ठिकाण सोपं. मेमरी कमी पडली की कर्नल काही पानं डिस्कवर नेऊन ठेवतो. आपण स्टॅच्यू म्हटलं आणि नेमकं तसं एखादं पान बघायला मागितलं, तर डिबगर ते आणणार कसं? आणायला डिस्कचा ड्रायव्हर लागतो, बेल लागते, आणि सगळे पुतळे झालेले. मग विंडोजचा डिबगर त्या जागी सरळ प्रश्नचिन्हं दाखवतो. त्याला पान मागवण्याची आज्ञा देता येते, पण मग संगणक थोडा वेळ पुन्हा चालू करावा लागतो. नव्या माणसाला वाटतं मेमरीच खराब झाली. मीही पहिल्या वर्षी एक अख्खी दुपार त्या प्रश्नचिन्हांकडे बघत घालवली आहे.

दुसरं ठिकाण म्हणजे संगणक कोसळतो ती वेळ. विंडोजची ती निळी पाटी तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. (विंडोज ११ मध्ये २०२५ साली ती काळी झाली. सुतक तेच, रंग बदलला.) कोसळताना मेमरीतला पुरावा डिस्कवर लिहून ठेवायचा असतो, म्हणजे नंतर शवविच्छेदन करता येतं. पण लिहिणार कोण? डिस्कचा ड्रायव्हरच गुन्हेगार असला तर? चोरालाच पंचनामा लिहायला बसवल्यासारखं होईल. म्हणून विंडोज सुरू होतानाच डिस्क ड्रायव्हरची एक वेगळी प्रत मेमरीत बाजूला ठेवते. तिच्या नावाच्या सुरुवातीला 'डंप' लावलेलं असतं. डिस्कवरच्या कुठल्या जागी लिहायचं तेही आधीच टिपून ठेवलेलं असतं. वेळ आली की नेहमीचा रस्ता सोडून ही राखीव प्रत कामाला लागते.

लिनक्सनं २००५ मध्ये याहून धाडसी उपाय स्वीकारला, केडंप. मेमरीतला एक कोपरा सुरुवातीलाच राखून ठेवायचा आणि त्यात दुसरा छोटा कर्नल झोपवून ठेवायचा. पहिला कोसळला की दुसरा जागा होतो, डिस्कशी सगळं बोलणं पहिल्यापासून सुरू करतो आणि पहिल्याच्या मेमरीची नक्कल करून घेतो. आणि तो राखीव कोपऱ्यातच का राहतो? कारण पहिला कर्नल गेला तरी त्यानं बोलावलेले दूधवाले अजून रस्त्यात असतात! त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की घरात काय घडलंय. ते येणार आणि सांगितलेल्या जागी दूध ओतणारच. दुसरा कर्नल अशा खोलीत राहतो जिथं कधी पातेलं ठेवलेलंच नव्हतं.

आता तिसरं ठिकाण, वेळ. इथून माझी गोष्ट सुरू होते.

२०१९ ची गोष्ट. रक्ततपासणी करणारी एक प्रयोगशाळा, नाव सांगत नाही. तिथल्या रात्रपाळीच्या एका तंत्रज्ञ बाईंच्या लक्षात आलं की एका अहवालाच्या मधोमध दुसऱ्याच माणसाचे आकडे आहेत. वरचं नाव बरोबर, खालची सही बरोबर, मधला तुकडा परका. त्यांनी तो अहवाल बाहेर जाऊ दिला नाही. जुने उघडून बघितले तेव्हा आणखी दोन तसेच सापडले. त्यातला एक मधुमेहाच्या रुग्णाचा होता. तो तसाच डॉक्टरांच्या हातात पडला असता तर काय झालं असतं, हे इथं बसलेल्या डॉक्टरमंडळींना मी सांगायला नको.

त्या दिवसापासून तिथं दोन माणसं रोज रात्री प्रत्येक अहवाल तपासणीयंत्राच्या आकड्यांशी ताडून बघू लागली. आणि आम्हाला बोलावणं आलं.

परका तुकडा मोजला तर बरोबर ४,०९६ बाइटचा. हा आकडा बघून माझे कान टवकारले, कारण मेमरीचं एक पान नेमकं तेवढं असतं. म्हणजे अहवाल लिहिणारा प्रोग्रॅम निर्दोष होता. पानच्या पान बदललं जात होतं. संशय गेला तो डिस्कच्या कार्डावर आणि त्याच्या ड्रायव्हरवर.

आम्ही तसाच सर्व्हर, तेच कार्ड, तोच ड्रायव्हर जमवला. ओळखीचे आकडे लिहायचे, वाचायचे, ताडून बघायचे. चार रात्री काहीही झालं नाही. मग मी केजीडीबी जोडला. ड्रायव्हर जिथं 'काम झालं' अशी नोंद करतो त्या ओळीवर खूण पेरली. स्टॅच्यू! पाच-सात मिनिटं सगळं नीट बघितलं, वहीत टिपलं आणि संगणक पुन्हा सोडला.

आणि सोडल्याबरोबर धुमश्चक्री! 'कामाला वेळ लागला', 'काम रद्द', 'काम रद्द', अशा ओळींचा पाऊस. त्यातच एकदा आमच्या चाचणीनं आकडे जुळत नसल्याचं सांगितलं.

असं का झालं ते सांगतो. ड्रायव्हरनं डिस्कला दिलेल्या प्रत्येक कामाला मुदत असते. लिनक्समध्ये डिस्कच्या कामाला साधारणपणे ३० सेकंद. मी प्रोसेसरला पुतळा केलं, पण डिस्कला ते कसं कळणार? तिनं आपली कामं उरकली, पातेल्यांत दूध ओतलं, बेल वाजवली. दार उघडायला कुणी नव्हतं. घड्याळही चालूच होतं. संगणक जागा झाला तेव्हा दारात बेल वाजत होती आणि त्याच क्षणी घड्याळ सांगत होतं की मुदत संपून पाच मिनिटं झाली.

मी वहीत लिहिलं, "डिबगरमुळे. दुर्लक्ष करावे." आणि पुढे गेलो.

मंडळी, दोन आठवड्यांत ही नोंद मी तीनदा केली. ती वही माझ्याकडे अजून आहे. आमच्या धंद्यात हायझेनबग असा एक शब्द आहे, बघायला गेलं की लपणारा दोष. जिम ग्रे यांनी १९८५ च्या एका निबंधात तो वापरला आणि रूढ झाला. निरीक्षणानं निरीक्षणाचा विषय बदलतो, हे आम्हाला इतकं पढवलेलं असतं की डिबगर लावल्यावर काही विपरीत घडलं तर ते आपणच घडवलं असं आपण धरून चालतो. मीही तेच केलं.

आमच्या गटात एक ज्येष्ठ सहकारी बाई होत्या, निवृत्तीला सहा महिने राहिलेल्या. त्यांनी माझी वही चाळली, त्या तीन नोंदींवर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, "तू प्रोसेसरला पाच मिनिटं थांबवलंस, म्हणून मुदत उलटली. मान्य. पण डिस्कनंच कधी तीस सेकंदांहून जास्त वेळ घेतला, तर?"

मी खुर्चीत बसलो होतो म्हणून बरं.

प्रयोगशाळेतल्या नोंदी पुन्हा काढल्या. ज्या रात्री ते अहवाल बिघडले त्या रात्री एक डिस्क निकामी झाल्यामुळे बदललेली होती, आणि नव्या डिस्कवर जुनी माहिती भरण्याचं काम चालू होतं. कार्ड त्या कामात बुडालेलं. वाचनाच्या काही कामांना तीस सेकंदांहून जास्त वेळ लागला होता.

आणि मुदत संपली की ड्रायव्हर काय करत होता? तो कंट्रोलरला सांगायचा, "राहू दे, रद्द." इथपर्यंत ठीक. पण कंट्रोलरचं "बरं, केलं रद्द" हे उत्तर यायच्या आतच तो पातेलं उचलायचा आणि कामाचं टोकन दुसऱ्याला देऊन टाकायचा. म्हणजे ओट्यावरून दुधाचं पातेलं गेलं, त्या जागी लोणच्याची बरणी आली, आणि उशिरा आलेल्या दूधवाल्यानं सांगितल्याप्रमाणे त्याच जागी दूध ओतलं. नवा अहवाल मेमरीत डिस्कवर जायची वाट बघत होता आणि त्याच जागी जुन्या वाचनाचं पान येऊन पडलं. पुढे तेच डिस्कवर गेलं. माझ्या टेबलावर त्याच दोषाचं दुसरं रूप दिसलं होतं. जुन्या कामाची बेल त्याच टोकनाच्या नव्या कामाच्या नावावर मांडली गेली आणि दूध यायच्या आधीच रिकामं पातेलं आत गेलं.

मग आम्ही डिबगर काढला आणि चाचणीच्या सर्व्हरवर मुद्दाम एक डिस्क बदलली. आयओएमएमयू नावाचा चौकीदार त्या सर्व्हरवर होता, पण बंद ठेवलेला. तो चालू केला. बाहेरचं उपकरण मेमरीत कुठल्या पत्त्यावर लिहू बघतंय हे तो तपासतो आणि परवानगी नसेल तर अडवून नोंद करतो. तिसऱ्या रात्री नोंद आली. परत घेतलेल्या पत्त्यावर कार्ड लिहू बघत होतं. दूधवाला बरणीपाशी रंगेहाथ सापडला. तसं बघितलं तर त्या बिचाऱ्याचा दोष नव्हताच.

दुरुस्ती दहा-बारा ओळींची. 'रद्द' सांगितल्यावर उत्तराची वाट बघायची. उत्तर आलंच नाही तर कार्ड पूर्ण बंद करून चालू करायचं. आणि त्यानंतरच पातेलं उचलायचं.

दोष मला पहिल्याच आठवड्यात दिसला होता. मी त्याला डिबगरचा खोडसाळपणा ठरवला, आणि त्या दोन आठवड्यांत दोन माणसं रात्र रात्र जागून कागद ताडत बसली. त्यांना मी हे नंतर सांगितलं. त्या तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, "आम्हीही पहिला अहवाल बघून प्रिंटरचीच चूक समजलो होतो." मोठ्या मनाची बाई.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स २००० साली कर्नलमध्ये डिबगर घ्यायच्या विरोधात होते. त्यांचा रोख असा होता की, माणसानं डिबगरवर विसंबण्यापेक्षा कोड समजून घ्यावा. पुढे २००८ मध्ये केजीडीबी अधिकृतपणे आत आला. कॉलेजात मला त्यांचं म्हणणं निव्वळ हट्ट वाटायचं. आता वाटतं की ते निम्मे बरोबर होते. डिबगरनं मला दोष दाखवला, पण तो दोष आहे हे त्या बाईंच्या प्रश्नानं कळलं. डिबगर ढवळाढवळ करतो हे खरंच. म्हणून त्यातून वर आलेलं सगळं फेकून द्यायचं नसतं. दर वेळी विचारायचं: मी जे मुद्दाम घडवलं, ते जगात आपोआप घडू शकतं का? घडू शकत असेल, तर ड्रायव्हरला ते सोसता आलं पाहिजे.

आता शेवटचं, आणि हे प्रत्येकाच्या घरचं. मागच्या रांगेतले काका मघाशी चहाच्या वेळी विचारत होते की त्यांच्या नातवंडांचे फोटो दोन डिस्कच्या जोडीवर आहेत, मग काळजी नाही ना? काका, त्या प्रयोगशाळेतही प्रत्येक डिस्कला जोडीदार होता. चुकीचं पान दोन्हींवर इमानेइतबारे लिहिलं गेलं, कारण दोन्हींचा दुभाष्या एकच होता. जोडी डिस्क मेल्यावर वाचवते, चुकीचं लिहिलं गेल्यावर नाही. ते अहवाल शेवटी कशातून परत मिळाले माहितीय? तपासणीयंत्रांनी आपले आकडे स्वतःजवळ वेगळे ठेवले होते, त्यातून. त्यांचा या सर्व्हरशी काही संबंध नव्हता.

डिबगरचा तो पहिला नियम इथंही लागू आहे. ज्याच्याबद्दल शंका आहे, त्याच्यावर विसंबायचं नाही. फोटोंची एक प्रत अशी ठेवा जी त्याच संगणकावर, त्याच खोक्यात नसेल. पोरांना द्या, भारतात भावाकडे ठेवा. आणि वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला वह्या काढतो तसं, ती उघडून बघा. न उघडलेली प्रत ही नुसती आशा असते.

मागच्या वेळी पुण्याला गेलो तेव्हा ही सगळी गोष्ट आईला सांगितली, दूधवाल्यासकट. तिनं शांतपणे ऐकली आणि म्हणाली, "म्हणजे पातेलं उचलायच्या आधी दूधवाल्याला विचारायचं, एवढंच ना? हे शिकायला इंजिनियरिंग कशाला लागतं?"

मंडळी, दहा-बारा ओळींची ती दुरुस्ती नेमकी एवढीच होती.